अडतिसावा पत्ता

पोचदादा नमस्कार करत नसत. भेटलेल्या माणसाला पहिला प्रश्न, "पोच घेतली का?" रेशनच्या दुकानातून परतणारी बाई असो, तलाठ्याकडे अर्ज देऊन आलेला बुवा असो, नाहीतर लग्नपत्रिका वाटून दमलेला मुलीचा बाप असो. कागद दिलास, बरं केलंस. घेणाऱ्यानं तसं लिहून दिलं का? शिक्का? तारीख? समोरच्यानं नाही म्हटलं की ते मान हलवत. "मग तू काय दिलं न्हायस. तू नुसती गेलीस आन् आलीस." त्यांचं पाळण्यातलं नाव कोळीवाड्यात कोणी घेत नसे. मलाही ते फार उशिरा कळलं, आणि जिथं कळायला नको होतं तिथं कळलं.

मांडवा आणि अलिबाग यांच्या मधला हा कोळीवाडा. नाव मुद्दाम देत नाही. नाव दिलं की प्रकरण एका वाडीचं होतं, आणि ते एका वाडीचं नाही. किनाऱ्याला लागून बोंबील वाळवायची मोकळी जागा आहे. बांबूच्या उंच वलंड्या, त्यांवर जोडीजोडीनं टांगलेले बोंबील, खाली पसरलेला जवळा. परक्याला ती पडीक जमीन दिसते. कागदावरही ती पडीकच आहे, कारण कागद परक्यानंच लिहिला. या जागेवर शनिवारी मुंबईहून येणाऱ्या बंगलेवाल्यांच्या बोटींसाठी खासगी जेटी आणि गाड्यांचा तळ करायचं ठरलं. कचेरीनं हरकती मागवल्या. मागवल्या त्या फक्त ईमेलनं. ज्या बाईचा बोंबील तिथं वाळतो तिच्याकडे ईमेल नसतो, हे मागवणाऱ्याला चांगलं ठाऊक होतं. याला जनसुनावणी म्हणतात.

मी तेव्हा या जेटीविरुद्ध पत्रकं छापून वाटत फिरत होते. मी आतल्या भातशेतीच्या गावची, वाडीला उपरी. एका बाईनं माझं पत्रक सुकट बांधायला घेतलं होतं, ते पोचदादांनी तिच्या हातून काढून वाचलं. उंच, वाकलेला, पन्नाशीचा माणूस. गळ्यात दोरीनं बांधलेला चष्मा. वाचून म्हणाले, "उद्गारचिन्हं मोजली. एकोणीस. पत्रकवाले, एवढं ओरडलं की यंत्राला वाटतं प्रोग्रॅम पडला." मग पत्रक बाईला परत दिलं. "बांध. कागद चांगला हाय."

वीस वर्षं त्यांनी बेलापूरला बँकांसाठी प्रोग्रॅम लिहिले होते. मग एके दिवशी नोकरी सोडून परत आले आणि मच्छीमार सोसायटीच्या बर्फ कारखान्यात हिशेबनीसाच्या रिकाम्या खोलीत राहू लागले. लग्न केलं नव्हतं. खोलीत एक खाट, एक पंखा आणि एक जुना संगणक, ज्याच्या डब्याला सुकटीचा वास येई. बर्फाचं यंत्र सुरू झालं की टेबल थरथरे. "आमच्या गावाला दोनच स्थिती," ते म्हणत, "भरती आणि ओहोटी. शून्य आणि एक. तिसरी दिसली तर समजायचं, सरकारी माणूस आलाय."

त्यांचे स्वतःचे ईमेलचे पत्ते सात होते. एक बँकेसाठी. एक फुकट वस्तू देऊ करणाऱ्यांसाठी, जो ते कधी उघडत नसत. एक जुन्या कंपनीतल्या लोकांसाठी. एक फक्त नातेवाइकांसाठी. त्याला त्यांनी नियम लावला होता की लग्न, बारसं, बारावं हे शब्द असलेलं पत्र वर यावं आणि "सुप्रभात" असलेलं आपोआप बुडावं. हे सगळे पत्ते पडद्यावर एकाच खिडकीत दिसत, डावीकडे नावं एकाखाली एक, आणि न वाचलेली पत्रं किती तो आकडा नावापुढे कंसात. ते सकाळी खिडकीकडे बघत ते असे, की जणू बंदरावर कोणाची बोट लागली आणि कोणाची नाही ते मोजताहेत.

सातवा पत्ता रागाचा. कोणाला काही जहाल लिहायचं असलं तर ते आधी त्या पत्त्यावर स्वतःलाच पाठवायचं. दोन भरत्या जाऊ द्यायच्या. मग शिवी खाणाऱ्याच्या जागी बसून ते वाचायचं, आणि तरीही पाठवावंसं वाटलं तर पाठवायचं. मला हे भेकडपणाचं वाटे. मी तसं म्हटलंही. ते म्हणाले, "बाय, तुझं पत्रक एकदा वाटलं की परत घेता येतं का? छापखान्याला मागं जायचं बटन नसतं." मी ऐकलं नाही. मी काही गोष्टी त्या पत्त्यावर आधी पाठवायला हव्या होत्या.

पोचदादा धरून सदतीस जणांच्या हरकती जायच्या होत्या. ते म्हणाले, एका पत्त्यावरून सदतीस गेल्या तर कचेरी ती एक हरकत धरेल. ज्याची हरकत त्याचा पत्ता. म्हणून त्यांनी कारखान्याच्या ओट्यावर खुर्ची टाकली आणि आठवडाभर बायकांचे पत्ते उघडून दिले; तेही आपल्या खिडकीत, सात पत्त्यांच्या खाली, जोडले. हिराकाकी सगळ्यात वडील, बोलायला सगळ्यात तिखट. यंत्र म्हणालं, हे नाव आधीच दुसऱ्या कोणी घेतलं आहे.

"कोन ती मेली? माजं नाव तिनं कसं घेतलंन?"

"काकी, तिकडं अमेरिकेत आसंल कोनी."

"अमेरिकेत बोंबील वालवते का ती? विचार तिला."

शेवटी काकीच्या नावापुढे बोटीचं नाव जोडलं. मग यंत्रानं काकी माणूस असल्याचा पुरावा मागितला: सिग्नलचे दिवे असलेली चित्रं निवडा. वाडीत सिग्नल नाही. काकीनं तीनदा चुकीची चित्रं दाबली आणि उठून उभी राहिली. "मी मानूस हाय का नाय ते ह्याला कशाला सांगू? ह्यो कोन माजा?" पोचदादा खुर्चीत मागे रेलून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. त्यांना तसं हसताना मी एकदाच पाहिलं.

हरकती मात्र त्यांनी कोणाला लिहून दिल्या नाहीत. ज्याची त्यानं सांगायची, ते नुसते टंकत, आणि पाठवल्यावर छापील प्रतीवर कचेरीचा शिक्का मारून आणत. हिराकाकीची हरकत एका ओळीची होती: "मी इथं सासूबरोबर उभी राह्यलेय, आता सुनेबरोबर उभी हाय, तर जागा पडीक कशी?"

त्यांच्या हातून चुकाही झाल्या, आणि त्या मी लपवणार नाही. कचेरीकडून आलेल्या प्रत्येक पत्राला ताबडतोब पोच जावी म्हणून त्यांनी सगळ्या पत्त्यांना आपोआप उत्तर लावून ठेवलं: "आपले पत्र पोचले." कचेरीच्या यंत्रालाही तसंच उत्तर लावलेलं होतं. एका शनिवारी कचेरीकडून काहीतरी आलं. वाडीनं पोच दिली. कचेरीनं पोचेची पोच दिली. वाडीनं तिची पोच दिली. रविवारी कचेरी बंद, पोचदादा परगावी, आणि यंत्रं दिवसभर एकमेकांना अदबीनं पोच देत राहिली. सोमवारी सकाळी कचेरीची पेटी तुडुंब भरून बंद पडली होती. मी डोक्याला हात लावला. पोचदादा शांतपणे म्हणाले, "सरकारनं आमच्या वाडीशी एवढा पत्रव्यवहार जन्मात केला नव्हता." मग ते स्वतः अलिबागला गेले, माफी मागितली, आणि माफीची पोच घेऊन आले.

वाडीला त्यांच्याकडून रोज सकाळी सहा दहाला एक ईमेल येई. भरती अमुक वाजता, ओहोटी अमुक वाजता, वारा कुठला. शेवटची ओळ कायम एकच: पोच द्या. कोणी देत नसे. भरती कधी येते ते कोळ्याला ईमेलनं कळावं लागत नाही. तरी सगळे ते उघडत. मी एकदा विचारलं, ज्यांना माहीत आहे त्यांनाच कशाला सांगता? ते म्हणाले, "हा प्रोग्रॅम ह्यांच्यासाठी नव्हता."

पुढचं मला सुलोचनाताईकडून कळलं. ती त्यांच्या धाकट्या भावाची, अनंताची बायको. पोचदादा बेलापूरला असताना त्यांनी गंमत म्हणून हा प्रोग्रॅम लिहिला होता: शहरात बसलेला भाऊ समुद्रावरच्या भावाला भरतीची वेळ सांगणार. अनंताचा पत्ताही त्यांनीच उघडून आपल्या खिडकीत जोडला होता. अनंत फोनवर हसायचा, "दादूस, दर्यात मी हाय का तू?" सहा वर्षांपूर्वी बोट बुडाली. दोघं पोहत आले, अनंत आला नाही. काहीच मिळालं नाही. त्या सकाळीही सहा दहाला ईमेल गेला होता. दुसऱ्या दिवशीही गेला. पोचदादांनी तो थांबवला नाही. महिनाभरात नोकरी सोडून ते घरी आले, आणि पुढे वाडीतल्या प्रत्येकाचा पत्ता त्याच यादीत, अनंताच्या खाली, जोडत गेले.

आणि इथेच ते चुकले. मासेमारीचा हंगाम भरात असताना कचेरीनं सगळ्यांना लिहिलं: आपली हरकत कायम आहे का, ते तीन दिवसांत कळवा, अन्यथा ती मागे घेतली असे समजू. तीन दिवस! अर्धी वाडी दर्यावर होती. पोचदादांनी घरोघरी जाऊन, बोटींवर फोन लावून प्रत्येकाचा होकार घेतला, आणि प्रत्येकाच्या पत्त्यावरून "माझी हरकत कायम आहे" असं पत्र जाईल असा छोटा प्रोग्रॅम लिहिला. पत्ते कुठून घ्यायचे? यादी तयारच होती. भरतीची यादी.

कचेरीचं उत्तर आलं. हरकती सदतीस, कायम केलेल्या अडतीस. हे अडतिसावे गृहस्थ कोण? सर्वच पत्रे यंत्राने पाठविली असल्याचा संशय असून, समाधानकारक खुलासा न आल्यास सर्व हरकती फेटाळण्यात येतील.

यादीत अनंत पहिला होता. कचेरीनं त्याला अडतिसावा केलं.

मी त्यांच्या खोलीत गेले तेव्हा ते पडद्यावरच्या खिडकीकडे बघत बसले होते. "प्रोग्रॅमला जिता-मेला कळत न्हाय," ते म्हणाले. "त्याला यादी कळते. यादी मी केली."

मी म्हटलं, आजच्या आज खुलासा लिहा. ते म्हणाले, "बेपत्ता आहे, असं लिहितो." मी म्हटलं, बेपत्ता लिहिलं तर विचारतील की बेपत्ता माणसानं हरकत कायम कशी केली, आणि पुन्हा तारीख लावतील. सरळ लिहा, हयात नाही. बर्फाचं यंत्र सुरू झालं, टेबल थरथरायला लागलं. मग मी ते वाक्य बोलले. "दादा, तुमच्या भावाच्या भुतापायी सदतीस जित्या माणसांची जागा जाईल."

सात वर्षं झाल्याशिवाय कायदाही त्याला मेलेला म्हणणार नव्हता. कायद्यानं जे मागितलं नव्हतं ते मी मागितलं. आणि माझं म्हणणं बरोबर होतं. तेच मला अजून गिळता येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी खुलासा गेला. चार ओळी. "अडतिसावा पत्ता माझा भाऊ अनंत याचा आहे. तो हयात नाही. यादीतील चूक माझी आहे, इतरांची नाही. सदतीसही माणसे आपापली हरकत तोंडाने सांगण्यास तयार आहेत." प्रती सगळ्यांना पाठवल्या होत्या. प्रतींच्या यादीत अनंताचा पत्ताही होता. मी फोन करून विचारलं, त्याला कशाला? ते म्हणाले, "ज्याच्याविषयी लिहिलं त्याला प्रत द्यायला नको?"

कचेरीनं खुलासा मान्य केला. सुनावणीची तारीख लागली. खुलासा गेल्यापासून अकराव्या दिवशी, भर दुपारी, पोचदादा खुर्चीतच गेले. बर्फ न्यायला आलेल्या माणसानं हाक मारली, तर ते खिडकीकडे तोंड करून बसलेले. हृदय, असं डॉक्टर म्हणाले.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सहा दहाला वाडीतल्या सगळ्यांना त्यांचा ईमेल आला. भरती, ओहोटी, वारा. पोच द्या.

मी हादरले. वाडी हादरली नाही. हिराकाकी म्हणाली, "वेल बरोबर हाय ना? मग येऊंदे." संगणक बंद करायला कोणी धजेना. कारखान्याचा वायरमन तिथलं बटण दाबायला गेला तर बायकांनी त्याला हाकलून दिलं.

सुनावणीच्या आधी खुलाशाची पोच काढायला मीच त्या खुर्चीत बसले. खिडकी त्यांनी ठेवली तशीच उघडी होती. डावीकडे नावं. वर त्यांचे सात पत्ते, खाली वाडीतले. आणि त्यांच्या स्वतःच्या पेटीत, ते गेल्याच्या दुसऱ्या दिवसापासूनची, रोजची एकेक पत्रं. पाठवणारा: अनंत. वेळ सहा बारा, सहा अकरा, सहा चौदा. प्रत्येकात एकच शब्द. "पोचली."

मी भुताखेतांच्या विरोधात पत्रकं वाटलेली आहेत. तरी मी खुर्ची मागे सारून उभी राहिले.

मग अनंताच्या नावापुढचा आकडा दिसला. कंसात अकरा. त्यानं न वाचलेली पत्रं अकरा. अलीकडची वाचलेली. सहा वर्षांची मागची सगळी वाचलेली. खुलाशाची प्रत वाचलेली. तिच्यानंतरची अकरा, खुलासा आणि मृत्यू यांच्या मधल्या अकरा दिवसांची, तेवढी ठळक, न उघडलेली.

मी तडक सुलोचनाताईकडे गेले. ती वलंडीपाशी करंदी, म्हणजे बारीक कोळंबी, पसरत होती. तिनं ओल्या हातांनी कमरेचा फोन काढून दाखवला. काच तडकलेला जुना फोन.

"त्या दिशी त्यो फोन घरीच इसरून गेलेला. मी चारजिंग करते. सकाली वाजतो. उघडला का गप बसतो."

"सहा वर्षं?"

"मंग? भावजी पाठवतंत आन् ह्यो वाजतो. उघडायचा न्हाय का?"

"दादांना माहीत होतं?"

ती हसली, जरा रागानंच. "येवढा कंपुटरवाला मानूस. कोन वाचतंय ते कलत नसंल त्याला? कदी इचारलं न्हाय. मीबी कदी बोलले न्हाय."

म्हणजे सहा वर्षं ते रोज सकाळी खिडकीत अनंतापुढचा एकचा आकडा नाहीसा होताना बघत होते. कोण वाचतं ते शोधायला त्यांना दोन मिनिटं लागली असती. बँकेच्या लाखो नोंदींतून एक चूक काढणारा हा माणूस त्या एका ठिकाणी कधी डोकावला नाही.

"मग ती अकरा?" मी विचारलं.

तिनं करंदी पसरणं थांबवलं नाही. "भावजीनं लिवलंन, हयात न्हाय. मी वाचला आन् रुसले. म्हटलं, तूच सांगतस न्हाय म्हनून, मंग आता कुनाला पाठवतस? फोन वाजू दिला. उघडला न्हाय." मग म्हणाली, "बारा दिसांनी उघडनारच होते गो मी. बाराव्याला तो गेलेला."

ती अकरा पत्रं तिनं अजून उघडलेली नाहीत. म्हणते, ते रुसव्याचे दिवस आहेत, तसेच राहू देत. पण त्यानंतरच्या रोजच्या पत्राला ती उत्तर देते. पोच द्या असं ते लिहितात, आणि तिनं सहा वर्षांत एकदाही दिली नाही, म्हणून.

खुलासा कोणी लिहायला लावला, हे मी तिला तिथंच सांगितलं. तिनं माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, "ठावूक हाय. टोपली उचल ती."

सुनावणीला वाडी दोन टेम्पो भरून अलिबागला गेली. कारकून एकेक नाव वाचत होता आणि एकेक बाई उठून आपली हरकत तोंडानं सांगत होती. हिराकाकी बोलली तेव्हा साहेबांनी मान वर केली. मग कारकुनानं एका पुरुषाचं नाव वाचलं, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट. कोणी उठेना. हा कोण, म्हणून मी यादी बघितली, आणि मला कळलं की पोचदादांचं नाव हे होतं.

कारकून पुन्हा ओरडला. मी उभी राहिले. यादीत मेलेला माणूस नको, हे मीच सांगितलं होतं. "मयत," मी म्हटलं.

कारकुनानं नाव खोडायला पेन टेकवलं. तेवढ्यात मागून सुलोचनाताई उठली. "मयत हाय. हरकत कायम हाय. जिता आसताना दिलेली हाय, पोच हाय." आणि तिनं पिशवीतून शिक्का मारलेला कागद काढून टेबलावर ठेवला.

साहेबांनी कागद उलटून पाहिला, तारीख पाहिली, आणि कारकुनाला म्हणाले, "सदतीस धरा." निकाल राखून ठेवला. तो सर्व हरकतदारांना त्यांच्या पत्त्यावर ईमेलने कळवण्यात येईल, असं सांगितलं.

म्हणजे तो पोचदादांच्याही पत्त्यावर येणार. वापर नसलेला पत्ता कंपनी काही काळानं कायमचा पुसून टाकते. म्हणून दर पंधरा दिवसांनी मी बर्फ कारखान्यात जाते, त्या खुर्चीत बसते, त्यांच्या नावानं आत शिरते आणि बाहेर येते. अनंताच्या पत्त्याचंही तेच करते, तो रोज उघडला जात असूनही. त्याच्या नावापुढचे अकरा मी उघडत नाही. निकाल अजून यायचा आहे. बोंबील वाळताहेत. आज सहा दहाला भरतीची वेळ आली, सहा तेराला पोच गेली.